ढकलून दिलेली सायकल पडत का नाही

मोकळं मैदान बघा. सायकलची सीट एका हाताने धरून तिच्या बाजूने जोरात पळा आणि चांगला धक्का देऊन तिला सोडून द्या. वर कुणी बसलेलं नाही, हँडल कुणी धरलेलं नाही. आपल्या अंदाजाने ती दोन पावलांत आडवी व्हायला हवी. होत नाही. ती डावीकडे कलते, तसं तिचं हँडल आपसूक डावीकडे वळतं, दोन्ही चाकं कललेल्या वजनाच्या खाली सरकतात आणि सायकल परत सरळ होते. मग थोडी उजवीकडे कलते, तिथेही हाच प्रकार. अशी नागमोडी जात, स्वतःचा तोल स्वतः सावरत, ती वेग संपेपर्यंत धावते आणि मगच पडते. हँडल जाम नसेल तर घरातल्या कुठल्याही साध्या सायकलीवर हा प्रयोग करता येतो.

असं का होतं, याची दोन उत्तरं बरीच वर्षं पुस्तकांत चालत आली. पहिलं असं की फिरणारं चाक भोवऱ्यासारखं असतं, ते पडायला सहज तयार होत नाही. दुसरं असं की हँडलचा तिरका आस खाली जमिनीपर्यंत वाढवला तर तो जिथे टेकेल, त्याच्या थोडं मागे पुढचं चाक जमिनीला टेकतं, त्यामुळे चाक कललेल्या बाजूला आपोआप वळतं. डेव्हिड जोन्स नावाच्या एका मिश्कील ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने हे तपासायचं ठरवलं. त्याने पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं आणखी एक चाक बसवून भोवऱ्याचा गुण मारून टाकला. सायकल चालवता येणारच नाही अशी त्याची इच्छा होती. सायकल आरामात चालली! त्याची ही हकीकत १९७० साली प्रसिद्ध झाली. पुढे २०११ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याहून मोठी खोडी काढली. त्यांनी लहान चाकांची एक विचित्र सायकल बनवली. तिच्यात भोवऱ्याचा परिणाम नव्हता आणि पुढचं चाकही आसाच्या मागे नव्हे, चक्क किंचित पुढे टेकत होतं. दोन्ही पाठ्यपुस्तकी कारणं काढून घेतल्यावरही ती रिकामी सायकल तोल सांभाळत पळाली. वजन कुठे किती ठेवलं आहे, यालाही महत्त्व आहे हे त्यातून दिसलं. सायकल तोल का सांभाळते याचं एका वाक्यात बसणारं उत्तर अजूनही नाही. पोरंसोरं जे यंत्र दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारत चालवतात, त्याची ही गत.

आणखी गंमत म्हणजे चालवणाऱ्यालाही आपण काय करतो ते माहीत नसतं. उजवीकडे वळायचं तर आपण हँडल आधी क्षणभर डावीकडे फिरवतो. त्यामुळे सायकल उजवीकडे कलते आणि मग वळण घेता येतं. विमानाच्या आधी सायकलींचं दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर लोकांना विचारत असे, तुम्ही डावीकडे वळता ते नेमके कसे? पहिल्या फटक्यात बरोबर उत्तर देणारा एकही माणूस त्याला भेटला नाही. सगळे वळत मात्र होते.

हे मी एवढ्या कौतुकाने सांगतो याला कारण आहे. मित्राला सायकलीच्या नादी लावायचं म्हटलं की आपण बहुतेक जण प्रवचनाला बसतो. तब्येत, पेट्रोल, प्रदूषण. तिन्ही मुद्दे खरे आहेत. ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून जास्त लोकांची माहिती घेऊन ग्लासगोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. सायकल चालवणारे मुळातच जरा तंदुरुस्त असतात, ही शंका अशा अभ्यासात पूर्ण फिटत नाही, तरी आकडा लहान नाही. पण हा आकडा ऐकून कुणी तिथल्या तिथे गॅलरीतली सायकल खाली उतरवली, असं मी पाहिलेलं नाही. माणूस ओढला जातो तो यंत्राच्या करामतीने. पहिल्या दहा मिनिटांत ती करामत त्याच्या अंगाला जाणवली पाहिजे. आपण तिच्या आड येऊ नये, एवढंच आपल्या हातात असतं. आणि आपण आड फार येतो.

ज्याला सायकल येतच नाही, त्याच्यापासून सुरुवात करू. पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी बायकांना सायकल येत नाही, कारण घरात एकच सायकल होती आणि ती भावाची होती. अशी मैत्रीण शिकायला तयार झाली की आपण मागून सीट धरून धावतो आणि ‘पुढे बघ, पुढे बघ’ म्हणून ओरडतो. ही पद्धत वाईट आहे. मागून धरलेल्या सायकलला कलता येत नाही, आणि कलल्याशिवाय तोल शिकता येत नाही. शिवाय भीतीमुळे ती हळू चालवते, आणि हळू चालवणं हीच सायकलवरची सर्वांत अवघड गोष्ट आहे. संशोधक जी नमुना सायकल गणितासाठी वापरतात, ती साधारण ताशी १५ ते २२ किलोमीटर या पट्ट्यात स्वतःहून तोल सावरते. त्याच्या खाली सगळी जबाबदारी स्वारावर येते. म्हणजे नवशिक्याच्या वाट्याला आपण नेमका तोच वेग देतो ज्यात यंत्र काहीच मदत करत नाही.

त्यापेक्षा सायकलची दोन्ही पायडलं काढून ठेवा. पंधरा नंबरचा पाना लागतो, आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, नाहीतर तासभर जोर लावून ते आणखी घट्ट कराल. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील. आता अगदी हलका उतार असलेली मोकळी जागा शोधा आणि पायांनी जमीन मागे रेटत जायला सांगा. पडायची भीती नाही, पाय खालीच आहेत. आधी दोन पावलं, मग पाच पावलांचं अंतर पाय वर घेऊन, मग सगळा उतार. तोल हा असा पायांच्या नकळत येतो. तो आला की पायडलं परत लावायची. पायडल मारणं हा सायकलचा सोपा भाग आहे.

मजा अशी की सायकल जन्मली तीच मुळी या अवस्थेत. जर्मनीतल्या मानहाइम शहरात कार्ल फॉन द्राइस नावाच्या अधिकाऱ्याने १२ जून १८१७ रोजी एक लाकडी दुचाकी रस्त्यावर आणली. तिला पायडलं नव्हती, चेन नव्हती. स्वार मधल्या सीटवर बसायचा आणि पायांनी जमीन रेटत जायचा. जाऊन येऊन तेरा-चौदा किलोमीटर अंतर त्याने तासाभराच्या आत काटलं. त्याआधी दोनच वर्षं इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला होता. त्याच्या धुळीने १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं गेली, घोड्यांना दाणा मिळेना. घोड्याला पर्याय शोधण्याची निकड त्यातून आली, असं काही इतिहासकार मानतात. ते खरं असो नसो, दोन चाकांवर तोल राहतो हा शोध आधी लागला आणि पायडलं त्यानंतर चार दशकांहून अधिक काळाने, १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये लागली. आपली मैत्रीण मैदानावर एका सकाळी तोच इतिहास त्याच क्रमाने पार करते.

सायकल आधी शिकवावी लागते, हे आपल्याकडे ती विकणाऱ्यांनाही फार लवकर कळलं होतं. १८८८ च्या सुमारास बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचं दुकान काढलं. पुढे नांगर आणि पंप बनवून नावारूपाला आलेल्या घराण्याची ती सुरुवात. लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला होते, ते तिथून सायकली धाडत आणि बेळगावात बंधू रामूअण्णा त्या विकत. विकून मोकळे होत नसत, चालवायलाही शिकवत आणि त्याची वेगळी फी घेत. ज्या गावाने सायकल पाहिली नाही त्या गावात सायकल खपवायची, तर आधी माणसं तिच्यावर बसवावी लागतात, हे त्या धंद्यात अनुभवाने कळलं असणार.

आता ज्याला सायकल येते पण वीस-पंचवीस वर्षांत हात लावलेला नाही, असा मित्र घ्या. तुम्ही त्याला रविवारी पहाटे बोलावता. तो येतो, उत्साहात जोरात निघतो, तिसऱ्या किलोमीटरला धापा टाकतो आणि पुढच्या रविवारी त्याच्याकडे पाहुणे येतात. त्याला आळशी म्हणू नका. त्याने हवेशी भांडण काढलं होतं.

याचं गणित बघण्यासारखं आहे. ऐंशी-नव्वद किलोचा स्वार-सायकल मिळून ऐवज सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरने चालवायला सुमारे ५० वॅट पुरतात. छताचा जुना पंखा ७०-७५ वॅट खातो. म्हणजे पंख्यापेक्षाही कमी शक्तीत एक अख्खा माणूस गावभर फिरतो. आता वेग दुप्पट करा, ताशी ३०. शक्ती दुप्पट लागायला हवी ना? लागते पाचपट, अडीचशे वॅटच्या वर. रस्त्याचं घर्षण फारसं बदलत नाही, पण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायची शक्ती घनाने. नियमित चालवणारे मांड्यांत बळ कमावून हे पेलतात. नव्या माणसाला ते पहिल्याच सकाळी पेलायला लावणं म्हणजे त्याला सायकलीतला सगळ्यांत महाग माल दाखवणं. स्वस्त माल खाली आहे, बारा ते पंधराच्या वेगात, आणि खरा चमत्कार तिथेच आहे.

तो किती मोठा आहे हे ऑक्सफर्डच्या एस. एस. विल्सन यांनी १९७३ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या लेखात मांडलं. एक ग्रॅम वजन एक किलोमीटर न्यायला चालणाऱ्या माणसाला साधारण ०.७५ कॅलरी लागतात. तोच माणूस सायकलवर बसला की ०.१५, म्हणजे पाचव्या हिश्श्यात काम होतं, वर वेग तिप्पट-चौपट. प्राणी आणि यंत्रं यांच्या त्या तुलनेत पायी चालणारा माणूस मध्यम होता. सायकलवर बसलेला माणूस सगळ्यांच्या वर गेला. पक्षी, घोडे, मोटारी, विमानं, सगळे खाली. यात चेनचाही वाटा आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९९९ मध्ये मोजमाप झालं तेव्हा साध्या सायकलच्या चेनने पायडलवरची ९८.६ टक्क्यांपर्यंत शक्ती चाकापर्यंत पोचवली. पेट्रोलचं इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर टाकतं, हे शेजारी ठेवून बघा.

ही सगळी करामत मातीत घालायला तीन गोष्टी पुरतात: चाकांत कमी हवा, खाली असलेली सीट आणि जड गिअर. गॅलरीत उभ्या सायकलच्या चाकात हवा राहत नाही. सायकल तशीच काढली की मित्राला वाटतं, वय झालं. सीट खाली असली की गुडघा पूर्ण उलगडत नाही, दुखतो, आणि दोष सायकलला जातो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला, म्हणजे उंची ठीक. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा जरासा वाकलेला राहतो. गिअर असतील तर हलका लावून द्या. पाय भरभर फिरले पाहिजेत. दर फेरीला मांडी थरथरत असेल तर गिअर जड आहे. ही तयारी आदल्या रात्री तुम्ही करून ठेवायची, त्याच्या देखत नाही. आणि निघाल्यावर त्याला पुढे ठेवायचं, म्हणजे वेग त्याचा राहतो. समोरून वारा लागला तरच तुम्ही पुढे जाऊन त्याला आडोसा द्यायचा. मोबाइलवरचे आपले विक्रम त्या दिवशी खिशातच ठेवावेत, ही माझी हात जोडून विनंती. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे आणि दोनशे किलोमीटरच्या गप्पा यांनी सायकलपासून जेवढी माणसं पळवली असतील तेवढी चढांनीही पळवली नसतील. पुण्यातल्या मित्राला पहिल्याच दिवशी सिंहगडाच्या पायथ्याला नेणारे महाभाग मी पाहिले आहेत. कोल्हापुरात असाल तर रंकाळ्याच्या काठाने जा, चहा घ्या, घरी या.

जाडजूड मित्र हमखास विचारतो, माझ्या वजनाने चाक बसणार नाही ना? त्याला स्पोक दाखवा. साधारण दोन मिलिमीटर जाडीची तार. एकटी उभी करून तिच्यावर जोर दिला तर लगेच वाकेल. म्हणून चाक बांधताना सगळ्या तारा आधीच ताणून ठेवलेल्या असतात. माणूस बसला की खालच्या काही तारांचा ताण थोडा उतरतो, इतकंच. दाब झेलायची वेळ त्यांच्यावर येतच नाही. ताण जोवर शिल्लक आहे तोवर चाक उभं राहतं. म्हणून चाक ‘आऊट’ गेलं की मिस्त्री ठोकत बसत नाही, एकेक स्पोक कसतो किंवा सैल करतो. कॅरिअरला दोन्हीकडे दुधाच्या किटल्या लटकवून जाणारा गवळी हे तत्त्व रोज सिद्ध करत असतो. मित्राचं वजन त्या किटल्यांपुढे काही नाही.

घामाची तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचं उत्तर थोडं युक्तीचं आहे. आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी फार तर पाव भाग कामात आणतात, बाकीची उष्णता होते. पायडलवर ५० वॅट दिले तर अंगात दीडशे-दोनशे वॅट तापतात. चालत्या सायकलवर वारा ही उष्णता नेतो, म्हणून तेव्हा जाणवत नाही. ऑफिसच्या दारात थांबलं की वारा थांबतो आणि शर्ट भिजतो. शेवटची पाच-सात मिनिटं मुद्दाम रेंगाळत गेलं तर बराच फरक पडतो. मुंबईच्या मे महिन्यात तरीही भिजाल, तिथे दुसरा शर्ट बरोबर ठेवणं हाच इलाज.

राहिला रस्ता. ‘एवढ्या ट्रॅफिकमध्ये?’ या प्रश्नावर मी मित्रांशी वाद घालत नाही. भीती खरी आहे. हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि पहाटेची वेळ यांनी ती कमी होते, संपत नाही. पण ती खरोखर कशाने कमी होते याचा एक अभ्यास आहे. कॅलिफोर्नियातली शहरं, डेन्मार्कमधली गावं, युरोपातले देश यांची आकडेवारी एकत्र ठेवून पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये लिहिलं की रस्त्यावर सायकलवाले किंवा पायी चालणारे दुप्पट झाले तर त्यांचे अपघात दुप्पट होत नाहीत, सुमारे एक तृतीयांशाने वाढतात. हिशेब केला तर प्रत्येकाच्या वाट्याचा धोका एक तृतीयांशाने घटतो. मोटारवाल्यांच्या डोळ्यांना सायकलींची सवय होते म्हणून, की रस्ते सुधारले की सायकली वाढतात म्हणून, यावर अजून वाद आहे. तरी नातं बऱ्याच ठिकाणी सापडलं आहे. तेव्हा मित्राला सायकलवर बसवताना आपण त्याच्यावर फार उपकार करतो अशा थाटात राहू नये. त्यात आपलाही स्वार्थ आहे.

आणि माणसं अशी झुंडीने सायकलवर येऊ शकतात का? तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात आली आहेत. १९९१ मध्ये तिथे साक्षरतेची मोहीम सुरू होती आणि शीला रानी चुंकत जिल्हाधिकारी होत्या. अक्षर ओळखायला लागलेल्या बायकांना त्या मोहिमेतच सायकल शिकवायचं ठरलं. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया, गावच्या नर्सेस, सगळ्या मैदानात उतरल्या. सुरुवातीला पुरुषांनी टोमणे मारले. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांड्यावर मूल बसवता येतं. सायकलींसाठी बँकांनी कर्ज द्यावं म्हणून प्रशासन मागे लागलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सारं जवळून पाहून लिहिलं: लाखाहून जास्त ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. शिकलेली शेजारणीला शिकवायची. एकटीने शिकली असती तर टोमण्यांनी घरी बसली असती. शंभर जणी एकदम निघाल्यावर टोमणे मारणाऱ्यांचीच अडचण झाली. बिहारने २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले, तिथेही मुलींची माध्यमिक शाळेतली पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं अर्थशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं. शाळा तीच होती, अंतर तेच होतं.

पुदुक्कोट्टईला जे जिल्ह्याने केलं त्यातलं आपल्या वाट्याला एका माणसाएवढं येतं. तेव्हा या शनिवारी रात्री घरातली दुसरी सायकल काढा, नसेल तर शेजाऱ्याची मागून आणा. चाकांत हवा भरा, ब्रेक तपासा, चेनला तेल द्या, सीट मित्राच्या उंचीला बसवा आणि त्याला फोन करून फक्त वेळ सांगा, कारणं सांगू नका. रविवारी पाच-सहा किलोमीटरच्या पुढे नेऊ नका, आणि चहाचे पैसे तुम्हीच द्या.